तिसऱ्या पट्टीचं हसू

माझ्या डाव्या गालावर माझा ताबा उरलेला नाही, हे सगळ्यात शेवटी मला कळलं. त्याआधी ते सोसायटीला कळलं होतं, ऑफिसला कळलं होतं, आणि सासुरवाडीत तर त्याचं कौतुकसुद्धा होऊन गेलं होतं. "आमचे जावई किती हसतमुख झालेत!" असं सासूबाई भेटेल त्याला सांगत सुटल्या होत्या. मी आणि हसतमुख! मला ओळखणाऱ्या कुणालाही तिथेच शंका यायला हवी होती.

मी श्रीरंग थोरवे, विमा सर्व्हेअर. जळालेल्या दुकानात, पाणी शिरलेल्या गोदामात, उलटलेल्या ट्रकपाशी उभं राहायचं आणि मालक सांगतो त्याच कारणाने हे झालं की भलत्याच, ते शोधून काढायचं, हा माझा धंदा. या धंद्यात माणूस आंबट होतो. मी मुळातच होतो, धंद्याने त्यावर शिक्का मारला. त्यात मधे एक जबरदस्त जंतुसंसर्ग झाला. जी इंजेक्शनं दिली त्यांनी जीव वाचवला आणि दोन्ही कान नेले.

त्यानंतरची आठ वर्षं आमच्या घरात कुणी कुणाशी बोललं, असं म्हणता येणार नाही. कांचन, माझी बायको, मोबाइलसमोर बोलायची आणि तिचं बोलणं माझ्यासाठी स्क्रीनवर उमटायचं. भांडणसुद्धा तसंच. 'तुला माझी किंमत नाही' आणि 'येताना कोथिंबीर आण' ही दोन्ही वाक्यं एकाच टायपात, एकाच आकारात यायची. दोन्ही वाचून मी सारखीच मान हलवायचो. हळूहळू तिची वाक्यं आखूड झाली, मग शब्द झाले, मग नुसत्या खुणा. जेव. दार. किल्ली.

कांचन इंजिनिअर. तळेगावच्या एका कारखान्यात टेलिफोन आणि इंटरनेटच्या केबलांसाठी लेझरचा प्रकाश ऑप्टिकल फायबरमध्ये घालण्याचं काम ती करायची. एके दिवशी ती चांगली मोठी नोकरी सोडून पुण्यातल्या एका नव्या, कुणी नाव न ऐकलेल्या कंपनीत गेली. ती कंपनी प्रकाशावर चालणारा कान बनवत होती. 'तुझ्यासाठी जातेय' असं ती एकदाही म्हणाली नाही. मला ते माहीत होतं. मीही आभाराचा एक शब्द काढला नाही.

हा प्रकार काय होता तो सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

आपल्या कानात आत एक इवलासा शंख असतो. त्याच्या तोंडाशी चिरके, बारीक आवाज कळतात, आणि आत आत वळत गेलं की जाड, खर्जातले. जुन्या यंत्रात या शंखात विजेच्या तारा सोडत. पण शंखात असतं पाणी, आणि वीज पाण्यात पसरते. एका सुराला जागं करायला जावं तर शेजारचे दहा उठून बसतात. प्रकाश तसा पसरत नाही, दाखवाल तिथेच पडतो. नसांना प्रकाश कळत नाही ही अडचण होती. तीही सुटली होती. शेवाळातलं एक जनुक निरुपद्रवी विषाणूवर लादून कानातल्या नसांपर्यंत पोचवलं की त्या नसा प्रकाशाला जाग्या होतात. मग कानामागे एक डबी, डबीत लेझर डायोड, तिथून केसाहून बारीक काचेचे तंतू थेट शंखात, आणि प्रत्येक तंतूला आपापला सूर नेमून दिलेला.

घोडं अडलं होतं ते डायोड आणि तंतू यांच्या मधल्या जागेत. डायोडच्या ज्या फटीतून प्रकाश बाहेर पडतो ती धुळीच्या कणाहून लहान. शिवाय तो सरळ रेषेत येत नाही. बागेच्या नळीचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी कसं चपटं होऊन फाकतं, तसा फाकतो, उभा जास्त आणि आडवा कमी. हा चपटा फवारा तंतूच्या गोल गाभ्यात शिरवायचा, आणि गाभा केसाच्या दहाव्या भागाएवढासुद्धा नाही. त्यासाठी तंतूच्या टोकालाच भिंग घडवायचं, ते नेमकं समोर धरायचं आणि गोंदाने चिकटवायचं. पण गोंद सुकताना आकसतो आणि तंतूला आपल्याकडे ओढतो. झालं, प्रकाश चुकला. जो प्रकाश तंतूत शिरत नाही तो उष्णता होऊन डबीत राहतो, आणि कानामागे तापणारी डबी कोण बसवून घेणार?

कांचनने असा गोंद काढला की जो डायोडच्या स्वतःच्याच प्रकाशाने घट्ट होतो. प्रकाश जिथून जातो तिथे गोंद काचेसारखा दाट होतो, आणि दाट झालेल्या वाटेने प्रकाश आणखी नीट जातो. प्रकाशच आपला पूल बांधतो आणि आपणच त्यावरून जातो. आठ डायोडची एक पट्टी, समोर आठ तंतू, आणि आठही पूल एकदम तयार. पहिली पट्टी जमली त्या दिवशी ती घरी आली आणि मीटरचा फोटो तिने माझ्यासमोर धरला. नव्वदच्या वर आकडा होता, म्हणजे शंभरातला तेवढा प्रकाश पलीकडे पोचला होता. तिचे डोळे भरले होते. मी मान हलवली, कोथिंबिरीला हलवायचो तशीच.

कंपनीने ज्या पहिल्या काही लोकांच्या कानात हे बसवलं त्यांत मी होतो. कांचनच्या हातच्या आठ पट्ट्या माझ्या डाव्या कानामागे गेल्या. जखम भरल्यावर यंत्र सुरू करण्याचा दिवस आला. कानाच्या डॉक्टर तांबोळी बाई, त्यांच्या दोन नर्सेस, कंपनीचा फोटोग्राफर आणि समोर कांचन. ती काय बोलणार हे तिने आधी ठरवलं असावं, पण ऐन वेळी तिच्या तोंडून तिच्या वडिलांचं वाक्य निघालं.

"आवाज येतोय का?"

तिचे वडील, आण्णा, टेलिफोन खात्यात लाइनमन होते. पन्नास वर्षं ते फोनवर 'हॅलो' न म्हणता हेच म्हणत आले होते.

खरं सांगायचं तर मला आवाज आला तो पत्र्याच्या डब्यातून यावा तसा, आणि माझ्या मनात आलं ते एवढंच, की हिचा आवाज इतका बारीक होता? पण समोर सगळे टाळ्या वाजवत होते. कांचन दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. पुढे तो व्हिडिओ मी पाहिला. त्यात ती बोलते आणि माझ्या चेहऱ्यावर एक हसू उगवतं, डाव्या बाजूने, हळूच, लाजल्यासारखं. असं हसू मी लग्नातसुद्धा हसलो नव्हतो. मला वाटलं, आलं असेल. आपल्याला आपला चेहरा कुठे दिसतो?

*

नंतरचं वर्ष आमच्या संसारातलं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. हे मी कडू तोंडानेच सांगतोय, पण खोटं सांगत नाही.

कांचन बोलायला लागली. आठ वर्षांचं तुंबलेलं बोलणं. सकाळी चहा करताना, भाजी निवडताना, गाडीत, बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून. प्रयोगशाळेत कोण काय म्हणालं, वरच्या मजल्यावरच्या बाईंनी गच्चीत काय लावलंय, लहानपणी आण्णांबरोबर खांबावर चढण्याचा हट्ट कसा केला होता. मी बहुतेक वेळा पेपर वाचत असायचो. पण ती बोलली की माझा चेहरा उजळायचा, आणि ते बघून ती आणखी बोलायची. तिने केस कापून घेतले. आरशासमोर गुणगुणू लागली. मी काही केलं नव्हतं, तरी घरात सुख आलं होतं. आलेल्या सुखाची चौकशी कोण करतो?

चौकशी ऑफिसात झाली. चिंचवडला एक साड्यांचं दुकान जळालं होतं. मालकीण कोळसा झालेल्या कपाटांपुढे उभी राहून रडत मला सांगत होती आणि मी शॉर्टसर्किट कुठून सुरू झालं असेल ते बघत होतो. दोन दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. कुलथे नाव त्यांचं, शांत माणूस. त्यांनी मोबाइल पुढे सरकवला. मालकिणीच्या भाच्याने शूटिंग केलं होतं. ती हंबरडा फोडत होती, आणि तिच्यासमोर फाइल धरून उभा असलेला मी डाव्या गालात मजेत हसत होतो.

"थोरवे," कुलथे म्हणाले, "तुम्ही आंबट आहात हे मला चालतं. हे नाही चालणार."

मी घरी आलो आणि आरशासमोर उभा राहिलो. कांचन कामावर होती. घर शांत, चेहरा शांत. इतक्यात खाली पाण्याचा टँकर आला. आमच्या वाकडच्या सोसायटीत तो रोज येतो. तो मागे घेताना पीं पीं पीं असं वाजतं. प्रत्येक 'पीं'ला माझा डावा गाल वर गेला आणि खाली आला. टँकर थांबेपर्यंत मी आरशात त्या गालाकडे बघत राहिलो. टँकरवर माझं जितकं प्रेम होतं, तितकंच हसू तो मला देत होता.

डॉक्टर तांबोळींकडे गेलो. त्यांनी एकेका पट्टीचे सूर वाजवून पाहिले. तिसऱ्या पट्टीला गाल हलला, बाकी कशाला नाही.

"तुमच्या शंखाजवळून चेहऱ्याची नस जाते," त्या म्हणाल्या. "त्या विषाणूतलं थोडं जनुक तिच्यातही गेलं असणार, म्हणजे तीही प्रकाशाला जागी होते. आणि या पट्टीच्या तंतूंतून कुठेतरी प्रकाश झिरपतोय. आवाज मोठा तर प्रकाश जास्त, प्रकाश जास्त तर हसू मोठं."

"तिसऱ्या पट्टीत कुठले आवाज येतात?"

"मधले, थोडे वरचे. बायकांचे, विशेषतः बारीक आवाजाच्या." मग त्यांच्या लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "कांचनला सांगायला हवं. कंपनीत तपासावं लागेल."

"मी सांगतो," मी म्हणालो.

सांगायचंच होतं. घराचं दार उघडलं तर ती आतल्या खोलीत आईशी फोनवर बोलत होती. "तुला काय सांगू आई, मी नुसतं बोलले ना, की ह्यांचा चेहराच बदलतो गं. इतकी वर्षं मला वाटायचं की ह्यांना मी नकोशी झालेय." मी चपला न काढता तसाच उभा राहिलो, आणि दारात उभ्या असलेल्या माझ्या गालावर ते हसू चालूच होतं. आगीचं खरं कारण कळलं आणि मी अहवाल दिला नाही, असं माझ्या आयुष्यात त्या एका वेळीच झालं. मला तिला वाचवायचं होतं की मला ते घर तसंच हवं होतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

*

दिवाळीनंतर आण्णा गेले.

आण्णांबद्दल मला जे वाटायचं ते मी कुणाला सांगितलेलं नाही, त्यांनासुद्धा नाही. माझे कान गेल्यावर लोक दोन प्रकारे वागले. काही ओरडून बोलायचे, काही बोलणंच टाळायचे. आण्णा मात्र जुन्नरहून एसटीने यायचे, माझ्याशेजारी गॅलरीत बसायचे आणि बोलण्याचा प्रयत्नच करायचे नाहीत. लाइन बंद आहे म्हणजे बंद आहे, त्यात खांबाचा काय दोष, असा त्यांचा चेहरा असायचा. दिवसभर बसून संध्याकाळी खांद्यावर हात ठेवून जायचे. त्या आठ वर्षांत मला एकटं न वाटलेले दिवस तेवढेच.

दहाव्याला कुकडीच्या काठावर मांडव घातला होता. आमच्या भागात दशक्रियेला भाषणं होतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत तालुक्यातले पुढारी एकामागून एक माइकवर येतात आणि श्रद्धांजली वाहतात. त्यातल्या निम्म्यांना मयताचं नाव शेजाऱ्याला विचारावं लागतं. पुढच्या रांगेत जावई म्हणून मला बसवलं होतं. पुढाऱ्यांचे आवाज जाडेभरडे, मला काळजी नव्हती. मी आण्णांच्या फोटोकडे बघत होतो.

मग निवेदक म्हणाला, "आता आण्णांच्या कन्या कांचनताई दोन शब्द बोलतील."

ती बोलणार आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. ती उठली. मी खिशात रुमाल शोधू लागलो. दोन्ही बाजूंना माणसाएवढे स्पीकर होते आणि त्यांतला एक माझ्यासमोर होता.

"आण्णा मला रोज संध्याकाळी फोन करायचे," कांचन म्हणाली.

गाल असा वर गेला की डावा डोळा अर्धा मिटला. मी रुमाल दाबला. रुमालाआडून ओठ कानाकडे ओढला जात होता.

"मी फोन उचलला की पहिलं विचारायचे, आवाज येतोय का? मी म्हणायचे, येतोय, आण्णा. मग म्हणायचे, झालं तर मग. बाकी काही नसलं तरी चालेल." इथे तिचा आवाज फुटला. तिने टाहो फोडला, आणि तो स्पीकरमधून नदीपार गेला.

मी मान खाली घातली, तोंडावर हात धरला, गाल चिमटीत पकडला. शेजारी बसलेल्या चुलतसासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"अगं बया, पाव्हणं हसत्यात का काय!"

त्या हळू बोलल्या होत्या. पण मांडवात त्या क्षणी दुसरं कुणीच बोलत नव्हतं. माणसं वळली. कांचनने माइकवरून माझ्याकडे पाहिलं. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, खरं पाणी, आण्णांसाठी, आणि त्याच्या मधोमध ते हसू होतं. तेच हसू, जे तिने वर्षभर स्वतःचं समजून सांभाळलं होतं.

"अहो..." ती म्हणाली, चारचौघांत म्हणायची तसं. गाल हलला. ती थांबली. पुन्हा, नीट, नुसतं तपासायला म्हणावं तसं म्हणाली, "अहो." गाल पुन्हा हलला.

शेवटी ती इंजिनिअर होती. तिने माइक बंद केला आणि खाली बसली.

*

परतताना तिने गाडी घरी न नेता कंपनीत नेली. मला बाकावर बसवून तिने कपाटातून माझ्याच लॉटमधली उरलेली पट्टी काढली, डायोड लावले, तंतूंची टोकं मीटरला जोडली. नव्वदच्या वर. मग तिने तेलाचा एक थेंब घेतला आणि मध्यावर तंतूंना बाहेरून लावला. आकडा धाडकन खाली आला.

मग माझ्याकडे पाठ करून, सपाट आवाजात, शिकवल्यासारखी बोलली.

"तंतूत मधे गाभा असतो आणि बाहेर काचेचं आवरण. प्रकाश गाभ्यात शिरला तरच खरा. थोडा चुकला की आवरणात शिरतो आणि गाभ्याला बिलगून तसाच पुढे जातो. केबलच्या कामात त्याची कुणी फिकीर करत नाही. केबल मैलोन्‌मैल असते, आवरणातला प्रकाश पहिल्या काही मीटरमध्येच गळून जातो. आम्हाला सवयच नाही त्याच्याकडे बघायची. पण तुझ्या कानातला तंतू बोटाएवढा आहे. तेवढ्या अंतरात तो गळत नाही, शेवटपर्यंत पोचतो. मीटरला दोन्ही सारखेच दिसतात. मीटर किती आला ते सांगतो, कुठल्या वाटेने आला ते सांगत नाही." तिने थेंब पुसला. "आवरणाला बाहेरून काही चिकटलं की मात्र तो तिथून बाहेर सांडतो. तुझ्या कानात माझ्या आवाजाच्या, तिसऱ्या पट्टीचे तंतू जिथे हाडाला चिकटवलेत, तिथेच चेहऱ्याची नस आहे."

"कांचन, तुझी चूक..."

"तुला कधीपासून माहीत होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "उन्हाळ्यापासून," मी म्हणालो.

"म्हणजे उन्हाळ्यापासून मी बोलत होते आणि तू..."

"मी ऐकत होतो."

ती वळली. "ऐकत होतास ना? मग हसत कोण होतं?"

तिच्या या प्रश्नावरही माझा गाल हसला. तिने ते पाहिलं. त्यानंतर ती माझ्यासमोर तोंडातून शब्द काढीनाशी झाली.

तिने कंपनीला सगळं लिहून दिलं. नव्या डब्यांत आवरणातला प्रकाश आधीच सांडून टाकणारा लेप आला. जुन्या डब्यांचं काय, तर काही नाही. तंतू शंखात रुजलेले असतात, उपटायला गेलं तर उरलेलं ऐकणंही जायचं. शिवाय, एका बैठकीत तिला सांगण्यात आलं, ज्या थोड्या रुग्णांना हा त्रास आहे त्यांच्या घरची माणसं सगळ्यात समाधानी आहेत. एका म्हाताऱ्या आईने कळवलं होतं की मुलगा आता तिच्याशी हसून बोलतो. तिला का दुखवायचं? हे कांचनने मला मोबाइलवर टाइप करून दाखवलं. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिला होता.

आमचं घर पुन्हा त्या आठ वर्षांसारखं झालं. फरक इतकाच की आता मला सगळं ऐकू यायचं. कुकरची शिट्टी, वरच्या मजल्यावरची पावलं, तिच्या बांगड्या, तिचा श्वाससुद्धा. फक्त ती बोलायची नाही. जेव. दार. किल्ली. फोन आला की ती गच्चीत जायची. टँकर आला की स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घ्यायची, माझा चेहरा दिसू नये म्हणून.

आणि तेव्हा मला, या आंबट माणसाला, कळलं की मला तिचा आवाज हवा आहे. गच्चीतल्या कुंड्या, खांबावर चढायचा हट्ट, सगळं पुन्हा ऐकायचं होतं. पेपर खाली ठेवून ऐकलं असतं. ती बोलत होती तेव्हा माझा गाल हसला आणि मी हसलोच नाही. आता मी हसायला तयार होतो तर ती बोलत नव्हती.

*

मी डॉक्टर तांबोळींकडे गेलो आणि म्हणालो, तिसरी पट्टी बंद करा.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "श्रीरंगराव, त्या पट्टीतच तिचा आवाज आहे. ती बंद केली तर पुरुषांचं बोलणं नीट ऐकू येईल, गाड्या येतील, भांडी येतील. तिच्या आवाजाच्या नुसत्या कडा उरतील. शब्द कळणार नाहीत. आणि तंतू काही दिवस बंद राहिला की तिथल्या नसा झोपतात. परत चालू केला तरी पूर्वीसारखं होईलच असं नाही."

"पण गाल हलणार नाही?"

"आपोआप नाही हलणार. मात्र वर्षभर चालवून चालवून त्या बाजूचा स्नायू सरावलाय. तुम्ही खरोखर हसलात तरी डावी बाजूच आधी धावेल."

मी हिशेब केला, माझ्या पद्धतीने. ती बोलली पाहिजे. ती बोलायला हवी असेल तर हसू मेलं पाहिजे. मला ऐकू नाही आलं तरी चालेल, मला ओठ वाचता येतात, आठ वर्षांची तालीम आहे. नंतर कधीतरी मी हसेन, आणि ते हसू माझं आहे हे तिला माहीत असेल. हिशेबात मला चूक दिसली नाही. डॉक्टरांनी कळ दाबली. त्यांचा स्वतःचा आवाज अर्ध्या वाक्यात पुसला गेला.

घरी आलो. कांचन खिडकीपाशी उभी होती. मी दारातूनच म्हणालो, "बंद करून आलो. तिसरी पट्टी."

तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत जे होतं त्याला मी आशा म्हणेन, पण मला तिथे आशा हवी होती, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. मग तिने ओठ ओले केले. ती तपासणार होती, तपासणं हे तिचं काम होतं. इतक्या महिन्यांनी ती माझ्यासमोर तोंड उघडत होती.

मला आवाज आला नाही. वाळल्या पानावरून काही घसरावं तशी एक बारीक खसखस आली, बस. पण ओठ मी वाचले. आवाज येतोय का?

आण्णांचं वाक्य. पहिल्या दिवशीचं वाक्य. त्या दिवशी मी जे हसायला हवं होतं, ते सगळं एकदम माझ्या छातीतून वर आलं. मी हसलो. मी स्वतः, श्रीरंग थोरवे, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच असा हसलो. आणि सरावलेला डावा गाल सगळ्यांच्या आधी धावला.

कांचनचा चेहरा माझ्या देखत विझला. उजवा गाल पोचेपर्यंत तिने नजर काढून घेतली होती. टेबलावरचा मोबाइल उचलून तिने टाइप केलं आणि स्क्रीन माझ्यासमोर धरला.

'निदान आज तरी खोटं बोलायला नको होतंस.'

"कांचन, हे खरं आहे," मी म्हणालो. "हे माझं आहे. डॉक्टरांना विचार हवं तर."

ती पाठ फिरवून स्वयंपाकघराकडे जात काहीतरी म्हणाली. पाठीवरचे ओठ वाचता येत नाहीत. दार लागलं.

मी खिडकीपाशी गेलो. खाली वॉचमन दोन्ही हात हलवत होता आणि पाण्याचा टँकर हळूहळू मागे येत होता. त्याचं पीं पीं मला ऐकू येत नव्हतं. काचेत माझा चेहरा दिसत होता. गाल जागचा हलला नाही.

एक हाक मारली असती तर ती आली असती, टँकर वाजत असताना हा न हलणारा गाल तिने पाहिला असता आणि सगळं तिथेच मिटलं असतं. पण बायकोकडे बघून आपण खरे हसलो, याला टँकरची साक्ष काढायची? माझ्या तोंडून हाक निघाली नाही. टँकर थांबला, वॉचमनने हात खाली घेतला आणि मी पडदा ओढला.